लग्नाच्या दिवशी घरच्यांचे फोटो : यादी, वेळ आणि जागा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या धाकट्या मुलीचे लग्न इंदूरमध्ये, बायपासजवळच्या एका मॅरेज गार्डनमध्ये आहे. मुहूर्त दुपारी १२ वाजून २४ मिनिटांचा आहे, स्वागत समारंभ त्याच संध्याकाळी तिथेच आहे आणि वरपक्ष पुण्याहून येणार आहे. थोरल्या मुलाच्या लग्नात फोटोंचा ढीग पडला, पण आजी-आजोबांसह सगळ्या घराचा एकही धड फोटो हाती लागला नाही. तेव्हा या वेळी घरच्यांचे फोटो केव्हा, कुठे आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत, हा आपला प्रश्न आहे. इंदूर, देवास आणि उज्जैन या पट्ट्यात मी अनेक वर्षे लग्नांचे फोटो काढतो आहे आणि त्यांत मराठी घरांची लग्ने पुष्कळ असतात, म्हणून आपल्याकडच्या विधींना धरूनच उत्तर देतो.

घरच्यांचे फोटो आणि मंचावरचे फोटो ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे चालू असताना पहिले होऊन जाईल असे धरून चालले की आपल्या थोरल्या मुलाच्या वेळी झाले तसेच होते. स्वागत समारंभात नवरा-नवरी सोफ्यापुढे उभी असतात, समोर रांग असते, प्रत्येक कुटुंब वर येते, पाकीट देते, कॅमेऱ्याकडे पाहते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. त्या वेळी घरची माणसे कुठे असतात ते आठवून पाहा. वधूपिता फाटकाशी पाहुण्यांचे स्वागत करत असतात, वधूमाता विहीणबाईंच्या माणसांना जेवायला नेत असतात, भाऊ केटररशी हुज्जत घालत असतो, आणि आजोबा पुढच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेले असतात. थंडी वाढली की नऊच्या सुमारास कोणीतरी त्यांना गाडीत बसवून घरी पोहोचवते. रात्री साडेअकराला रांग संपते तेव्हा कोणाला तरी आठवते की घरच्यांचा एकत्र फोटो राहिला, आणि मग जे सापडतील त्यांना उभे करून तो उरकला जातो. फोटो काढणारा कितीही चांगला असला तरी जे आजोबा तिथे नाहीत त्यांना तो फोटोत आणू शकत नाही. म्हणून या फोटोंची वेळ लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेत गुरुजींच्या विधींसारखीच लिहून ठेवावी लागते, आणि ती दिवसाउजेडी असावी.

ही वेळ कुठून काढायची, याचे उत्तर आपल्या विधींतच आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत अंतरपाट दूर होईपर्यंत वधूवरांनी एकमेकांना पाहायचे नाही, हा संकेत अजून पाळला जातो. त्यामुळे घरच्यांच्या फोटोंचे आपोआप तीन भाग पडतात : वधूसह वधूपक्ष, वरासह वरपक्ष, आणि दोघांसह दोन्हीकडचे. यांपैकी पहिले दोन भाग मुहूर्ताच्या आधी पूर्ण होऊ शकतात आणि व्हायलाच हवेत, कारण मुहूर्तानंतर माणसांवर कोणाचाही ताबा राहत नाही. अक्षता पडल्या की पावले पंगतीकडे वळतात.

वधूपक्षाच्या फोटोंसाठी सकाळी सव्वादहा ते अकरा हा पाऊण तास ठेवावा. त्यानंतर मुलगी गौरीहरापाशी बसते आणि एकदा बसली की मामा तिला बोहल्यावर न्यायला येईपर्यंत तिला उठवणे बरे दिसत नाही; उठवले तरी घरातली वडीलधारी माणसे नाराज होतात ती वेगळीच. या वेळी ती पिवळ्या अष्टपुत्रीत असते, मुंडावळ्या नुकत्याच बांधलेल्या असतात, चेहऱ्यावर होमाच्या धुराने आलेला शीण नसतो, आणि आई-वडिलांचे डोळेही अजून कोरडे असतात. मामाबरोबरचा तिचा फोटो याच वेळी उरकून घ्यावा. मुहूर्ताच्या पाच मिनिटे आधी मामा घाईत असतो, गुरुजी हाका मारत असतात, आणि त्या गडबडीत जो फोटो मिळतो तो चालता-चालता मिळालेला असतो. तोही हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही.

हे सगळे मुलगी सव्वादहाला तयार असेल तरच. म्हणून ब्यूटीशियनला सव्वादहाची वेळ सांगू नका, पावणेदहाची सांगा. राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरातल्या घरी तयार होऊन बायपासला जायचे असेल तर लग्नसराईत रस्त्यातच पाऊण तास सहज जातो. तेव्हा शक्य असल्यास मुलीने आणि जवळच्या बायकांनी गार्डनमधल्या खोलीतच तयार व्हावे.

वरपक्षाचे फोटो त्याच वेळी जानवसघरी व्हावेत. त्यासाठी दुसरा फोटोग्राफर लागतो. एकटाच असेल तर मुलाकडचे आधी, साडेनऊला घ्यावेत, कारण पुरुषमंडळी लवकर तयार होतात. अपवाद फेट्यांचा. एक फेटा बांधायला सवयीच्या हातालाही तीन-चार मिनिटे लागतात. वीस फेटे असतील तर एक तास गेला, आणि फेटेवाला दहाला आला तर अकरापर्यंत अर्ध्या डोक्यांवर फेटा आणि अर्धी डोकी उघडी, असा देखावा तयार होतो. त्याला साडेआठला बोलवावे. फेटा कपाळावर फार खाली बांधला तर भुवयांवर सावली पडते आणि डोळे अंधारात जातात, म्हणून तो बोटभर वर ठेवायला बांधतानाच सांगावे.

दोन्हीकडचे एकत्र फोटो दुपारी सव्वाचारला घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, कानपिळी आणि सप्तपदी आटपायला साधारण दोन ते अडीच वाजतात. त्यानंतर वधूवर जेवतात, विहिणींची पंगत होते, आणि चारपर्यंत सगळे पोटभर जेवून, थोडे टेकून, पुन्हा माणसांत आलेले असतात. इंदूरमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सुमारे पाच वाजून चाळीस मिनिटांनी होतो. म्हणजे सव्वाचार ते सव्वापाच हा तास असा मिळतो की ऊन तिरपे आणि मऊ असते, थंडी अजून बोचत नाही आणि मंडळी उपाशी नसतात. यापेक्षा चांगला तास त्या दिवसात दुसरा नाही.

या तासाला एकच शत्रू आहे आणि तो म्हणजे स्वागत समारंभाचा मेकअप. नवरीला तयार करायला दीड-दोन तास लागतात, समारंभ साडेसातचा असतो, आणि ब्यूटीशियन म्हणते की मुलगी चारला माझ्या हाती द्या. तिचेही चुकत नाही, कारण तिला पुढे आणखी एखादे काम असते. हा वाद लग्नाच्या दिवशी सोडवायचा नसतो. आधीच्या आठवड्यातच तिला सांगून साडेपाचची वेळ पक्की करावी. ती अजिबात मानत नसेल तर दुसरा मार्ग असा की एकत्र फोटो संध्याकाळच्या कपड्यांत, पाहुणे येण्याआधी पावणेसात ते साडेसात या वेळेत घ्यावेत. मात्र तेव्हा अंधार पडलेला असतो, सगळी भिस्त दिव्यांवर जाते, आणि पावणेसातला तयार व्हायला सांगितलेली आत्या सव्वासातला येते. शिवाय शालू, मुंडावळ्या आणि कपाळावरच्या अक्षता यांसह घराण्याचा फोटो मिळतो तो फक्त दुपारीच.

मुहूर्त लागल्यावर माळा घातल्या जातात आणि कन्यादानाची तयारी होते, त्या मधल्या काही मिनिटांत सगळे आप्त बोहल्याभोवती जमलेले असतात. त्यांना रांगेत उभे करण्याच्या भानगडीत पडू नये. फोटोग्राफरने शिडीवर चढून, किंवा सभागृहाला सज्जा असेल तर तिथून, वर पाहणाऱ्या सगळ्या चेहऱ्यांचा एक फोटो घ्यावा. गुरुजींना आधी सांगून ठेवले तर एवढा वेळ ते देतात. न सांगता घेतला तर माइकवरून सर्वांसमक्ष बोलतात.

आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनाकडे फोटोंच्या दृष्टीने कोणी फारसे लक्ष देत नाही. दोन्ही घरचे वडीलधारे त्या वेळी ठरलेल्या जागी, नीटनेटक्या कपड्यांत, एकमेकांसमोर बसलेले असतात आणि आमंत्रितांची गर्दी नसते. व्याही-व्याही, विहिणी-विहिणी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा असे तीन-चार फोटो तिथेच झाले तर दुसऱ्या दिवशीची यादी तेवढी हलकी होते. लग्नानंतरच्या सकाळवर मात्र काहीही ढकलू नये. समारंभ संपला की तरुण मंडळी पुण्याच्या पाहुण्यांना सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, दाखवायला घेऊन जातात आणि सकाळी नऊला त्यांच्यापैकी कोणी उठत नाही.

आता यादी. ती फोटोग्राफरने करायची नसते. मला समोर पंचवीस बायका दिसतात, त्यांतली मोठी आत्या कोणती आणि आत्येसासूबाई कोणत्या, हे मला कळायला मार्ग नाही. यादी घरात करावी, लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी, आणि ती करताना आजीला जवळ बसवावे, कारण कोण राहिले तर कोणाला वाईट वाटेल हे तिला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कोणाला नसते. प्रत्येक गटापुढे नुसते ‘काका-काकू’ असे न लिहिता घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव गावासकट लिहावे : नागपूरचे बाळकाका, ग्वाल्हेरची सुमाआत्या, देवासच्या मोठ्या मामी. त्यापुढे त्या गटातल्या एकाचा फोन नंबर असावा. वरपक्षाची तशीच यादी त्यांच्याकडून मागवावी, आणि ती मुलीच्या आईने मुलाच्या आईकडे स्वतः मागावी. फोटोग्राफरमार्फत मागितली तर ती कधीच येत नाही.

गटांच्या संख्येला आवर घालणे सर्वांत अवघड असते. एका लहान गटाला, म्हणजे आठ-दहा माणसांना, हाक मारणे, उभे करणे, पदर-उपरणी नीट करणे आणि चार-पाच फोटो घेणे यांत तीन मिनिटे जातात. पंधरा-वीस माणसांना पाच-सहा मिनिटे लागतात. दोन्ही घराण्यांचा मिळून चाळीस-पन्नास जणांचा फोटो असेल तर पंधरा मिनिटे धरावीत. म्हणजे एका तासात दहा-बारा लहान गट आणि एक मोठा फोटो बसतो, त्याहून जास्त नाही. यादीत तीस गट असतील तर अर्धे गट होणार नाहीत, आणि नेमके कोणते होणार नाहीत ते योगायोगावर सोडल्यासारखे होईल. सोसायटीतले शेजारी, कार्यालयातले सहकारी, भिशीच्या मैत्रिणी यांना मंच आहे; त्यांना या तासात घेऊ नये. मावशी, मामा, काका, आत्या यांच्या प्रत्येक कुटुंबाचा वेगळा फोटो घ्यायचा की मावशांचा मिळून एक, हे घराने ठरवावे. मला विचाराल तर चार बहिणी मुलीला घेऊन उभ्या राहिल्या तर तो फोटो चार सुट्या कुटुंबांच्या फोटोंपेक्षा जास्त वेळा पाहिला जातो.

क्रमाबद्दल फोटोग्राफरांतही दोन मते आहेत. काही जण सर्वांत मोठा गट आधी घेतात आणि मग एकेकाला मोकळे करतात. याचा फायदा असा की कोणी निसटत नाही, पण आजोबांना आणि कडेवरच्या मुलांना सगळे जमेपर्यंत ताटकळावे लागते, आणि पहिलीच पंधरा मिनिटे गोंधळात गेली की पुढे सगळ्यांचाच धीर सुटतो. मी आजी-आजोबांपासून सुरुवात करतो. नवरा-नवरी एका जागी उभी. त्यांच्याजवळ प्रथम आजी-आजोबा, मग त्यांतच आई-वडील, मग भावंडे, मग काका-आत्यांची कुटुंबे, अशी भर घालत जायची, आणि मोठा फोटो झाला की आजोबांना लगेच खोलीत पाठवायचे. त्यानंतर मामा-मावश्यांची बाजू. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला परतणारे किंवा रात्रीच्या बसने निघणारे पाहुणे असतील तर त्यांचे गट यादीत वर घ्यावेत, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांचेही, कारण पाचनंतर ती झोपेला येतात.

नवरा-नवरीला न हलवण्यामागे आणखी एक कारण आहे. होमानंतर त्यांच्या शेल्यांची गाठ बांधलेली असते आणि बहुतेक घरांत ती लगेच सोडत नाहीत. दोघांना सारखे उठवले-बसवले तर गाठ ओढली जाते, पदर सुटतो, आणि पुन्हा पिना लावण्यात दहा मिनिटे जातात. सप्तपदीनंतर वधू वराच्या डाव्या हाताला येते, म्हणजे फोटोकडे पाहताना ती आपल्या उजवीकडे दिसते. हे एकदा ठरले की शेवटपर्यंत तसेच ठेवावे, नाहीतर अल्बममध्ये समोरासमोरच्या पानांवर दोघांच्या जागा उलटसुलट दिसतात.

हाक मारून माणसे आणणारा माणूस हा या सगळ्याचा कणा आहे. दोन्ही बाजूंचा एकेक असावा. वधूवरांचे आई-वडील नकोत, करवली नको, भाऊही नको. ही सगळी माणसे फोटोत हवी असतात आणि त्यांना दर दोन मिनिटांनी कोणीतरी किल्ल्या, पाकिटे किंवा हिशेब विचारत असतो. जावईही नको, कारण त्यालाच शोधायला माणूस पाठवावा लागतो. मावसभाऊ, चुलतबहीण, आईची एखादी धिटाईची मैत्रीण, ज्यांना सगळे चेहरे ओळखीचे आहेत, ज्यांचा आवाज मोठा आहे आणि ज्यांच्या बोलण्याचा कोणाला राग येत नाही, अशी माणसे निवडावीत. त्यांच्या हातात कागदावर छापलेली यादी द्यावी, मोबाइलमधली नव्हे, आणि एक गट उभा असतानाच पुढचे दोन गट बाजूला आणून ठेवायला सांगावे. तासाभरात बारा गट होतात की सहा, हे जवळजवळ पूर्णपणे याच माणसावर ठरते.

जागेविषयी. लग्नमंचावरचा सिंहासनासारखा सोफा कुटुंबाच्या फोटोसाठी अगदी वाईट असतो. तो इतका मऊ असतो की आजी त्यात रुतते, तिचे गुडघे वर येतात, नऊवारीचा काठ दुमडतो आणि मान आखडलेली दिसते. तिला उठवायला दोन माणसे लागतात ते वेगळेच. सोफ्याची पाठ उंच आणि सोनेरी असल्यामुळे मागे उभी राहिलेली माणसे कमरेपासून वरच दिसतात. शिवाय मंच उंच असतो आणि फोटोग्राफर खाली, त्यामुळे चेहऱ्यांआधी हनुवट्या दिसतात. त्याऐवजी टेंट हाउसवाल्याकडून हात नसलेल्या, एका उंचीच्या सात-आठ खुर्च्या आणि मागच्या रांगेसाठी वीतभर उंचीची दोन तख्ते मागवावीत. हाताच्या खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर दोन माणसांत हातभर अंतर पडते आणि फोटोत ते भांडण झाल्यासारखे दिसते.

मधोमध खुर्च्यांवर वडीलधारी माणसे, दोन्ही बाजूंना उतरत्या वयाने बाकीची, मागे उभे तरुण, पुढे सतरंजीवर मुले ही मांडणी जुनी आहे आणि ती टिकण्याला कारण आहे. आपल्या इंदूरशी तिचा संबंधही जवळचा. पुढे नामवंत फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ १८६६ पासून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते, १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना प्रोत्साहन दिले. त्या काळातल्या काचेच्या प्लेटांना प्रकाश जास्त वेळ द्यावा लागे, म्हणून माणसे बसवावी लागत, हात कुठेतरी टेकवावे लागत आणि कोणी हलून चालत नसे. आता सेकंदाच्या दोनशेव्या भागात काम होते, तरी बसलेला माणूस उभ्यापेक्षा स्थिर आणि निवांत दिसतो, हे बदललेले नाही.

खुर्च्या कुठे मांडायच्या हे आदल्या दिवशी दुपारी सव्वाचारलाच गार्डनमध्ये जाऊन ठरवावे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो. माध्यान्हीलाही तो आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तर बाजूला दिवसभर सावली मिळते. उत्तरेकडे तोंड असलेला व्हरांडा किंवा पोर्च असेल आणि समोर मोकळे आकाश असेल, तर तिथला प्रकाश सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सारखा पडतो आणि कोणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. झाडाखालची सावली लांबून छान दिसते, पण पानांतून आलेले कवडसे एकाच्या गालावर आणि दुसऱ्याच्या कपाळावर पडतात, म्हणून ती टाळावी. हेच लग्न मे महिन्यात असते तर मी सगळे उलट सांगितले असते. तेव्हा दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि बाहेर उभे राहणे वडीलधाऱ्यांना धोक्याचेही असते. तेव्हा सकाळी आठच्या आत, नाहीतर वातानुकूलित सभागृहात.

राजवाडा, लालबाग किंवा कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्या अशा शहरातल्या जुन्या वास्तूंपाशी सगळ्या घराला न्यायचा बेत कोणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणावे. तिथे वधूवर दोघेच आधी एखाद्या सकाळी लवकर जाऊन येतात ते ठीक आहे. चाळीस माणसे आणि लग्नाचा दिवस असताना गाड्या लावायला जागा शोधण्यातच तो तास संपतो.

फोटोग्राफर ठरवताना त्याला एवढे जरूर विचारावे की तीन रांगांचा फोटो तो कसा घेतो. हल्ली पार्श्वभूमी धूसर करण्याची फार आवड आहे. ५० मिमी भिंगाने, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, चार मीटर अंतरावरून एफ/२ ला, म्हणजे भिंगाचे तोंड बरेच उघडे ठेवून, फोटो घेतला तर जेमतेम पाऊण मीटर खोलीतलेच स्पष्ट येते. तीन रांगांना दीड मीटर तरी लागतो, म्हणजे बसलेल्या आजी स्पष्ट आणि मागचे तरुण पुसट. अशा फोटोला एफ/८, म्हणजे भिंगाचे तोंड पुष्कळ लहान केलेले हवे. फार रुंद भिंग वापरले तर कडेची माणसे आडवी ताणली जातात, आणि कडेला बहुधा बिचाऱ्या धाकट्या काकू उभ्या असतात. त्याने मागे सरकून ३५ ते ५० मिमीमध्ये फोटो घ्यावा. म्हणून खुर्च्यांसमोर सहा-सात मीटर मोकळी जागा ठेवावी. संध्याकाळी घेणार असाल तर दोन्ही बाजूंना छत्री लावलेले दिवे चष्म्यावर चमक येणार नाही इतके उंच असावेत, मागची एलईडी भिंत बंद करायला सांगावी आणि डीजेचे जांभळे दिवेही, नाहीतर हळद लागलेले चेहरे मातकट दिसतात.

एका गटाचे फोटो किती घ्यायचे याचा हिशेबही कोणी केलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले निक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांनी गटाच्या फोटोत एकाचेही डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो लागतात हे गणिताने काढले आणि त्यांना २००६ चे गणिताचे इग्नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे, पारितोषिक मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या प्रकाशात संख्येला तीनने भागावे, प्रकाश कमी असेल तर दोनने, असा त्यांचा ठोकताळा आहे. पंधरा जणांना पाच फोटो. अनुभवाशी हे बरोबर जुळते. पन्नास माणसांत सगळे डोळे एकदम उघडे मिळणे जवळपास अशक्य असते. म्हणून त्या फोटोला कॅमेरा तिपाईवर ठेवावा, म्हणजे एका फोटोतला चेहरा दुसऱ्यात बसवता येतो.

फोटोग्राफरच्या मागे मोबाइल घेऊन उभे राहणारे नातेवाईक ही आताची मोठी अडचण आहे, कारण मग प्रत्येकजण आपापल्या भाच्याच्या मोबाइलकडे पाहतो. त्यांना मनाई केली तर तोंडे वाकडी होतात. त्याऐवजी हाक मारणाऱ्याने सुरुवातीलाच जाहीर करावे की आधी मोठा कॅमेरा, मग अर्धा मिनिट मोबाइलवाल्यांना. लोक हे ऐकतात.

नाजूक गोष्टी यादी करतानाच बोलून घ्याव्यात. विधवा काकू किंवा आत्या पुष्कळदा स्वतःच मागे सरतात, आणि त्या दिवशी गर्दीत कोणी आग्रह केला नाही तर अल्बममध्ये त्या कुठेच नसतात. त्यांचे नाव पहिल्या गटात लिहावे आणि मुलीने स्वतः त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवावे; मुलगी बोलावते तेव्हा त्यांना नाही म्हणता येत नाही. बोलचाल नसलेले दोन भाऊ असतील तर त्यांना एकाच ओळीत, पण मध्ये चार माणसे ठेवून उभे करता येते, मात्र हे हाक मारणाऱ्याला माहीत हवे. वेगळे राहणारे आई-वडील असतील तर प्रत्येकाबरोबर मुलीचा वेगळा फोटो यादीत लिहावा आणि फोटोग्राफरला तेवढे कानावर घालावे, म्हणजे तो भर लोकांत ‘आई-बाबा, जरा जवळ या’ असे म्हणणार नाही. कोणाच्या घरी सुतक असल्याने ते येऊ शकले नाहीत, तर महिन्या-दोन महिन्यांनी वधूवर त्यांच्याकडे जातील तेव्हा फोटो घ्यावा; संगणकावर माणूस चिकटवलेला फोटो ओळखू येतो.

आपल्या आजोबांविषयी आपण लिहिले आहे की ते आता ८८ वर्षांचे आहेत आणि बायपासपर्यंतचा प्रवास त्यांना झेपेल की नाही हे त्या दिवशीच कळेल. तेव्हा त्यांच्यासाठी सव्वाचारच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशी सकाळी घरात देवक बसते, सगळे घर सोवळ्या-ओवळ्याच्या गडबडीत पण घरातच असते; त्या वेळी अर्ध्या तासासाठी फोटोग्राफरला बोलवा. त्यांच्या खोलीतल्या खिडकीशी, पडदा सारून, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर त्यांना बसवून मुलीबरोबर, आजीबरोबर आणि मग घरातल्या सगळ्यांबरोबर असे तीन फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी ते आले तर उत्तमच, त्यांचा गट पहिला असेलच. गार्डनच्या फाटकापासून खुर्च्यांपर्यंत हिरवळीवरून त्यांना चालावे लागू नये म्हणून गाडी आतपर्यंत सोडण्याचे व्यवस्थापकाशी आताच बोलून ठेवा.

अल्बमच्या बाबतीत एवढे पाहा की १२ बाय ३६ इंचांच्या जोडपानावर घराण्याचा फोटो पसरला तर मधली घडी नेमकी वधूवरांच्या मधून किंवा आजीच्या चेहऱ्यावरून जाते. तो फोटो एका पानावरच ठेवायला सांगा, आणि त्याची १२ बाय १८ इंचांची सुटी प्रत वेगळी काढून घ्या. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला तेवढा आकार सहज झेपतो. त्या प्रतीबरोबर रांगेनुसार डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे आणि नाती लिहिलेला कागद फ्रेममागे चिकटवायचा आहे, आणि तो आजीला विचारून त्याच आठवड्यात लिहायचा आहे. सध्या मात्र पहिले काम ब्यूटीशियनला फोन करून साडेपाचची वेळ नक्की करण्याचे आहे. त्यानंतर विहीणबाईंकडे यादी मागा.